संगणकाची वीज : बिलात दिसणारी आणि न दिसणारी

संगणकासाठी ऊर्जा दोनदा खर्च होते. एकदा तो घडवताना आणि नंतर तो वापरताना. दुसरा खर्च वीजबिलात दिसतो. पहिला मात्र यंत्र दुकानात येण्याआधीच दूरच्या खाणींत, भट्ट्यांत आणि चिपच्या कारखान्यांत होऊन गेलेला असतो. गिऱ्हाइकापर्यंत तो पोहोचतो तो किमतीच्या पोटात, ओळखू न येणाऱ्या रूपात. फ्रिज किंवा एसी बनवायला जितकी ऊर्जा लागते, त्याच्या कितीतरी पट ऊर्जा तो आयुष्यभर चालवायला लागते. संगणकाच्या बाबतीत हे गणित अनेकदा उलटे होते. ते कोणत्या यंत्रासाठी उलटे होते आणि कोणत्या यंत्रासाठी नाही, हे कळल्याशिवाय ऊर्जा वाचवण्याचा कोणताही सल्ला अर्धवटच राहतो.

या उलट्या गणिताकडे जगाचे लक्ष वेधले ते एरिक विल्यम्स या संशोधकाने. त्याने २००४ मध्ये एका डेस्कटॉप संगणकाचा, १७ इंची काचेच्या जुन्या मॉनिटरसह, जन्मापासूनचा ऊर्जाहिशेब मांडला. तो बनवण्यासाठी सुमारे ६,४०० मेगाज्यूल ऊर्जा आणि २६० किलो खनिज इंधन लागत होते. एकक बदलून पाहिले तर ही ऊर्जा विजेच्या साधारण १,७८० युनिटांइतकी भरते. मोटार किंवा फ्रिज बनवताना त्याच्या वजनाच्या एक-दोन पट इंधन जळते. संगणकासाठी ते वजनाच्या जवळपास अकरा पट निघाले. घरी रोज सुमारे तीन तास आणि एकंदर तीन वर्षे वापर धरला, तर त्या यंत्राच्या आयुष्यातील एकूण ऊर्जेपैकी ८१ टक्के ऊर्जा निर्मितीतच संपत होती.

याचे कारण वजनात शोधून सापडत नाही, ते शुद्धतेत आणि रचनेत आहे. विल्यम्स आणि त्याच्या सहकाऱ्यांनीच २००२ मध्ये दोन ग्रॅम वजनाच्या ३२ मेगाबाइटच्या एका मेमरी चिपचा अभ्यास केला होता. तिच्यासाठी सुमारे १.६ किलो खनिज इंधन, ७२ ग्रॅम रसायने आणि ३२ किलो पाणी खर्ची पडत होते. इतकी अवाढव्य वाटणारी तफावत का पडते, ते चिपच्या जन्मकथेतूनच उलगडते.

ती कथा गारगोटीपासून सुरू होते. गारगोटीतील सिलिकॉन ऑक्सिजनला घट्ट चिकटलेले असते. ते सोडवण्यासाठी गारगोटी, कोळसा आणि लाकडाचे तुकडे विद्युत भट्टीत सुमारे २,००० अंश सेल्सिअसला तापवतात. या टप्प्यावर किलोमागे साधारण ११ ते १३ युनिट वीज लागते आणि हाती येते ते सुमारे ९९ टक्के शुद्ध सिलिकॉन. ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूंसाठी एवढी शुद्धता पुरते, चिपसाठी ती अगदीच अपुरी आहे. चिपच्या सिलिकॉनमध्ये अब्जावधी अणूंमागे एखादाच परका अणू चालतो. म्हणून या सिलिकॉनचे हायड्रोजन क्लोराइडच्या मदतीने एका द्रव संयुगात रूपांतर करतात, ते द्रव वारंवार ऊर्ध्वपातन करून शुद्ध करतात आणि मग त्याची वाफ सुमारे १,१०० अंशांच्या तापलेल्या कांड्यांवर सोडून सिलिकॉन पुन्हा घन रूपात जमवतात. ही कांडी दिवसचे दिवस तापलेली ठेवावी लागते आणि तिच्या उष्णतेचा बराच भाग भोवतालच्या थंड भिंतींकडून वाया जातो.

एवढ्यावरही काम भागत नाही, कारण या सिलिकॉनचे स्फटिक विस्कळीत असतात. यान चोक्राल्स्की या पोलिश शास्त्रज्ञाने १९१६ च्या सुमारास धातूंच्या अभ्यासासाठी शोधलेली पद्धत इथे वापरली जाते. १,४१४ अंशांना वितळलेल्या सिलिकॉनमध्ये एक छोटा स्फटिक बुडवायचा आणि गोल फिरवत अतिशय सावकाश वर खेचायचा. त्याला बिलगून जो दंडगोल वाढत जातो तो संपूर्ण एकच स्फटिक असतो. आज या दंडगोलाचा व्यास ३०० मिलिमीटर असतो. त्याच्या पाऊण मिलिमीटर जाडीच्या चकत्या कापल्या जातात, त्या म्हणजे वेफर. कापताना आणि घासून गुळगुळीत करताना मोलाने शुद्ध केलेल्या सिलिकॉनचा मोठा वाटा भुकटी होऊन निघून जातो. गारगोटीपासून वेफरपर्यंतची ऊर्जा नेहमीच्या औद्योगिक सिलिकॉनच्या सुमारे १६० पट होते, असे २००२ च्या त्या अभ्यासात दिसले होते. आणि अजून चिपवर एकही रेघ उमटलेली नसते.

रेघा उमटतात त्या फॅबमध्ये, म्हणजे चिपच्या कारखान्यात. आधुनिक चिपसाठी एक वेफर हजारावर प्रक्रियांतून जातो आणि त्याला साधारण तीन महिने लागतात. एक पातळ थर चढवायचा, त्यावर प्रकाशाने नकाशा उमटवायचा, नको तो भाग वायूंच्या झोतात कोरून काढायचा, धुवायचे, तापवायचे आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची. धुळीचा एक कण बसला तरी त्या जागची चिप वाया जाते, म्हणून छतातून गाळलेली हवा चोवीस तास खाली सोडली जाते आणि तपमान, आर्द्रता अंशाच्याही अंशात सांभाळली जाते. फॅबच्या विजेपैकी साधारण निम्मी वीज प्रत्यक्ष यंत्रांना लागते. उरलेली हवा, थंड पाणी, निर्वात पंप, अतिशुद्ध पाणी यांच्या सेवेत जाते. वेफर असो वा नसो, ही यंत्रणा बंद करता येत नाही.

सर्वात महाग आणि सर्वात भुकेला टप्पा प्रकाशाने नकाशा उमटवण्याचा आहे. अत्याधुनिक चिपसाठी फक्त १३.५ नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश लागतो. तो निर्माण करणारे यंत्र जगात एकच कंपनी बनवते, नेदरलँड्समधील फेल्डहोवेन इथली एएसएमएल. या यंत्रात वितळलेल्या कथिलाचे सूक्ष्म थेंब दर सेकंदाला ५०,००० या वेगाने सोडले जातात आणि प्रत्येक थेंबावर शक्तिशाली लेसरचा मारा होतो. थेंबाचे प्रचंड तप्त अशा प्लाझ्मात रूपांतर होते आणि त्यातून हवा तो प्रकाश बाहेर पडतो. मात्र हा प्रकाश काच आणि हवादेखील शोषून घेते. म्हणून सगळा मार्ग निर्वात ठेवावा लागतो आणि भिंगांऐवजी आरसे वापरावे लागतात. उत्तमातला उत्तम आरसाही दर परावर्तनात सुमारे ३० टक्के प्रकाश गिळतो. असे दहा-अकरा आरसे ओलांडून वेफरपर्यंत मूळ प्रकाशाचे दोन-चार टक्केच पोहोचतात. असे एक यंत्र चालायला एक मेगावॉटहून अधिक वीज लागते. दिवसाला ती २४,००० युनिट होते. महिना १५० युनिट वापरणारी जवळपास पाच हजार घरे तेवढ्यात एक दिवस चालतील.

फॅबमधील वायूंचा प्रश्न वेगळाच आहे. थर चढवण्याच्या कोठ्या साफ करायला नायट्रोजन ट्रायफ्लोराइड वापरला जातो. शंभर वर्षांच्या काळात त्याची तापमानवाढीची ताकद कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १७,००० पट आहे. कोरीवकामात वापरला जाणारा कार्बन टेट्राफ्लोराइड वातावरणात हजारो वर्षे टिकतो. हे वायू बाहेर सोडण्यापूर्वी जाळून किंवा फोडून निकामी करावे लागतात आणि त्यासाठी पुन्हा इंधन आणि वीज लागते.

यातली बरीच ऊर्जा आज तैवानमध्ये खर्च होते. जगातील सर्वात प्रगत चिपपैकी बहुसंख्य चिप बनवणाऱ्या टीएसएमसी या कंपनीचा २०२३ मधील वीजवापर सुमारे २,५०० कोटी युनिट होता. तैवानमध्ये खपणाऱ्या विजेच्या साधारण ८ टक्के वीज ही एकटी कंपनी वापरते. त्या बेटावरची चार पंचमांश वीज आयात केलेल्या कोळशावर आणि नैसर्गिक वायूवर तयार होते. त्यामुळे पुण्यात विकत घेतलेल्या फोनमधला कार्बनभार हा बऱ्याच अंशी तैवानच्या औष्णिक केंद्रांचा असतो. २०२१ मध्ये तिथे दुष्काळ पडला, तेव्हा फॅबना टँकरने पाणी पुरवावे लागले आणि भातशेतीचे पाणी मात्र तोडले गेले. चिपच्या शुद्धतेची किंमत विजेच्या पलीकडेही कोणीतरी मोजत असते, हे त्या वर्षी उघड झाले.

तंत्र सुधारते तशी चिपला लागणारी ऊर्जा कमी होते का? चिपमधील एका ट्रान्झिस्टरचा, म्हणजे सूक्ष्म विद्युतकळीचा, हिशेब केला तर ती झपाट्याने कमी झाली आहे. पण एका वेफरचा हिशेब केला तर ती वाढली आहे, कारण रेघा जितक्या बारीक तितके थर आणि टप्पे जास्त. बेल्जियममधील इमेक या संशोधन संस्थेच्या २०२० च्या अभ्यासानुसार २८ नॅनोमीटरच्या पिढीपासून २ नॅनोमीटरच्या पिढीपर्यंत वेफरमागची वीज सुमारे साडेतीन पट होते. फोनमधल्या चिपचा आकार पिढ्यानुपिढ्या फारसा बदललेला नाही. तेव्हा प्रत्येक नवा फोन जुन्यापेक्षा हुशार असला, तरी घडणीत तो जुन्यापेक्षा हलका असेलच असे नाही.

चिपखेरीजचे भाग तुलनेने साधे आहेत. ॲल्युमिनियमच्या सांगाड्यासाठी किलोमागे १३ ते १५ युनिट वीज लागते. भंगारातून तेच ॲल्युमिनियम त्याच्या पाच टक्के ऊर्जेत मिळते. पडदा बनवणारे कारखाने फॅबसारखेच स्वच्छ हवा आणि फ्लोरिनयुक्त वायू वापरतात. साठवणुकीच्या बाबतीत मात्र एक सर्वसाधारण समज तपासून पाहायला हवा. फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कपेक्षा एसएसडी वीज कमी खाते, हे खरे आहे. पण एसएसडी म्हणजे चिपांचाच गठ्ठा, आणि २०२२ च्या एका अभ्यासाने तिच्या निर्मितीतून गिगाबाइटमागे सुमारे १६० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो असा अंदाज केला. त्या हिशेबाने एक टेराबाइटची एसएसडी म्हणजे १६० किलो. तबकडीच्या डिस्कचा आकडा याच्या कितीतरी खाली असतो. क्वचित उघडले जाणारे जुने फोटो आणि चित्रफिती ठेवायला तबकडीची डिस्क आजही अधिक शहाणपणाची ठरते.

आता चालवण्याचा खर्च. चिपमधला ट्रान्झिस्टर उघडतो-मिटतो तेव्हा एक अतिसूक्ष्म विद्युतसाठा भरतो आणि रिकामा होतो, जणू लोट्याने पाणी भरावे आणि लगेच ओतून द्यावे. ओतलेली ऊर्जा उष्णता होऊन जाते. किती ऊर्जा लागेल हे तीन गोष्टींवर ठरते : साठ्याचा आकार, सेकंदाला किती वेळा तो भरतो ती वारंवारता आणि विद्युतदाबाचा वर्ग. या वर्गामुळे दाब निम्म्यावर आणला तर ऊर्जा एक चतुर्थांशावर येते. आयबीएममधील रॉबर्ट डेनार्ड यांनी १९७४ मध्ये दाखवून दिले, की ट्रान्झिस्टर लहान करताना दाबही त्याच प्रमाणात उतरवत नेला, तर तेवढ्याच जागेत जास्त ट्रान्झिस्टर बसूनही उष्णता वाढत नाही. पुढची तीस वर्षे संगणक दरवर्षी वेगवान होत गेला आणि त्याचे वीजबिल फारसे वाढले नाही, ते या नियमामुळे.

किती मजल मारली गेली हे दोन टोके पाहिली की कळते. अमेरिकेत १९४५ मध्ये तयार झालेल्या एनियाक या संगणकात सुमारे १८,००० निर्वात नळ्या होत्या. तो १५० किलोवॉट वीज घेई आणि सेकंदाला ५,००० बेरजा करी. म्हणजे एका ज्यूलमध्ये ३३ बेरजा. अमेरिकेतीलच ओक रिज इथला फ्रंटियर हा महासंगणक २०२२ मध्ये २१ मेगावॉटवर चालला आणि एका ज्यूलमध्ये सुमारे ५,२०० कोटी आकडेमोडी करू शकला, त्याही एनियाकच्या बेरजेपेक्षा गुंतागुंतीच्या. ऊर्जेच्या कार्यक्षमतेत इतकी प्रगती मानवाने बनवलेल्या दुसऱ्या कोणत्याही यंत्रात झालेली नाही.

पण डेनार्ड यांचा नियम २००५ च्या आसपास थकला. ट्रान्झिस्टर इतके लहान झाले की ते बंद असतानाही त्यांच्यातून वीज झिरपू लागली आणि दाब आणखी उतरवणे अवघड झाले. इंटेलची पेंटियम ४ ही चिप शंभर वॉटच्या वर गेली आणि तिची पुढची आवृत्ती कंपनीने २००४ मध्ये रद्द केली. तेव्हापासून घड्याळाचा वेग तीन-चार गिगाहर्ट्झच्या आसपास घुटमळला आणि एका चिपवर अनेक गाभे बसवण्याचा मार्ग आला. कार्यक्षमता आजही सुधारते आहे, पूर्वीच्या वेगाने मात्र नाही. कामाचा पसारा आता कार्यक्षमतेपेक्षा वेगाने वाढतो आहे आणि गेल्या काही वर्षांतील वीजटंचाईच्या चर्चेचे मूळ इथे आहे.

घरातल्या किंवा कार्यालयातल्या यंत्रात वीज आणखी काही ठिकाणी गळते. भिंतीतला प्रत्यावर्ती प्रवाह एकदिश करताना जुने स्वस्त पॉवर सप्लाय पाव ते एक तृतीयांश वीज उष्णतेत घालवत. २००४ पासूनच्या ८० प्लस या मानांकनामुळे ही गळती बरीच आटोक्यात आली. भारनियमनाच्या धास्तीने बसवलेला इन्व्हर्टर किंवा यूपीएस स्वतःही थोडी वीज खातो. आणि एसी चालणाऱ्या कार्यालयात संगणकाची प्रत्येक युनिट वीज शेवटी उष्णता होते, ती बाहेर फेकायला एसीला साधारण एक तृतीयांश युनिट आणखी लागते. हा खर्च संगणकाच्या खात्यावर कधी मांडला जात नाही.

महाराष्ट्रातील एका साध्या उदाहरणावर दोन्ही खर्च शेजारी ठेवता येतात. सरासरी ४० वॉट घेणारा लॅपटॉप रोज चार तास, वर्षात ३०० दिवस चालला, तर वर्षाला ४८ युनिट होतात, पाच वर्षांत २४०. भारतीय ग्रिडच्या एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, कारण तीन चतुर्थांशाच्या आसपास वीज कोळशाची आहे. म्हणजे पाच वर्षांचा भार १७० किलोच्या आत. लॅपटॉप बनवतानाचा भार आकारमान आणि क्षमता यांनुसार साधारण १५० ते ३०० किलोच्या दरम्यान असतो. दोन्ही आकडे जवळपास एका पातळीवर येतात. हाच लॅपटॉप अणुवीज वापरणाऱ्या फ्रान्समध्ये चालला, तर वापराचा भार जेमतेम दहा-पंधरा किलो होईल आणि निर्मितीचा वाटा नव्वद टक्क्यांच्या वर जाईल. परदेशी अहवालांतून उचललेले टक्के भारतात जसेच्या तसे लावता येत नाहीत, ते यामुळे.

फोनच्या बाबतीत शंकेला फारशी जागा नाही. तो काही वॉटांतच भागवतो आणि वर्षभराच्या चार्जिंगला मोजकीच युनिटे लागतात. ॲपल आपल्या प्रत्येक उत्पादनाचा पर्यावरण-अहवाल प्रसिद्ध करते. आयफोनच्या आयुष्यभराच्या उत्सर्जनापैकी सुमारे ८० टक्के उत्सर्जन निर्मितीत होते, असे तिचे अहवाल सांगत आले आहेत. फोनचा चार्जर बटण बंद करून ठेवणे चांगलेच, पण तोच फोन दोन वर्षे जास्त वापरण्यापुढे ती बचत नगण्य आहे.

कार्यालयातला डेस्कटॉप दुसऱ्या टोकाला आहे. मॉनिटरसह १२० वॉट, रोज आठ तास, ३०० दिवस : वर्षाला २८८ युनिट आणि पाच वर्षांत १,४४० युनिट, म्हणजे एक टन कार्बन डायऑक्साइड. इथे चालवण्याचा खर्च स्पष्टपणे वरचढ आहे. रात्री आणि सुट्टीत तो चालूच राहिला, तर आकडा तिपटीहून जास्त होतो. संगणक आपोआप निद्रावस्थेत जाईल अशी सोय अमेरिकेच्या एनर्जी स्टार योजनेने १९९२ पासून रूढ केली. आज ती प्रत्येक यंत्रात असते, तरी पुष्कळ कार्यालयांत ती बंद करून ठेवलेली आढळते. बँका, शाळा, सरकारी कचेऱ्या यांना यापेक्षा स्वस्त वीजबचत मिळणे कठीण आहे.

यंत्र बदलावे की नाही, हा प्रश्नही आता आकड्यांत सोडवता येतो. १२० वॉटच्या त्या डेस्कटॉपच्या जागी ३० वॉटचा छोटा संच आणला, तर वर्षाला २१६ युनिट आणि सुमारे १५० किलो कार्बन डायऑक्साइड वाचतो. नवा संच घडवण्याचा भार ३०० किलो धरला तरी दोन वर्षांत फिटतो. याउलट चार तास चालणारा ४० वॉटचा लॅपटॉप टाकून २५ वॉटचा घेतला, तर वर्षाला वाचतात १८ युनिट, म्हणजे १३ किलोंच्या आसपास. निर्मितीचा २०० किलोंचा भार फिटायला पंधरा वर्षांहून जास्त काळ लागेल आणि तोवर तो नवा लॅपटॉपही कधीचा निकामी झालेला असेल. वीज कमी खातो म्हणून चालता लॅपटॉप बदलणे ऊर्जेच्या दृष्टीने तोट्याचेच आहे. बॅटरी बदलणे, मेमरी वाढवणे, तबकडीच्या जागी छोटी एसएसडी बसवणे यांतून आयुष्य तीन-चार वर्षांनी वाढत असेल, तर त्यासारखी बचत नाही.

बऱ्याचदा यंत्र बिघडत नाही, त्याचे सॉफ्टवेअर आधी संपते. विंडोज १० ची मोफत नियमित सुरक्षा-अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली आणि विंडोज ११ च्या अटींत न बसणारे, एरवी धडधाकट असलेले असंख्य संगणक त्या दिवशी कागदोपत्री म्हातारे झाले. यातल्या पुष्कळ यंत्रांवर लिनक्स उत्तम चालते. युरोपीय संघाने जून २०२५ पासून स्मार्टफोनसाठी सुटे भाग सात वर्षे आणि प्रणालीच्या सुधारणा पाच वर्षे पुरवण्याचे बंधन घातले आहे. ऊर्जेच्या दृष्टीने हा नियम कोणत्याही तारांकित लेबलपेक्षा मोलाचा आहे.

डेटा सेंटरचे गणित घरच्या संगणकापेक्षा अगदी निराळे आहे. सर्व्हर वर्षाचे ८,७६० तास चालू असतो, म्हणून त्याच्या आयुष्यात चालवण्याचा खर्चच मोठा. शिवाय सर्व्हरने घेतलेल्या प्रत्येक युनिटमागे थंडाव्यासाठी आणि वीज रूपांतरासाठी किती जास्तीची वीज लागते, हे महत्त्वाचे ठरते. एकूण वीज भागिले सर्व्हरची वीज, असे हे गुणोत्तर काढतात. जगातील सरासरी आज १.५ ते १.६ च्या दरम्यान आहे. गूगलसारख्या कंपन्यांनी ते १.१ पर्यंत उतरवले आहे. फिनलंडमधील हामिना इथे जुन्या कागद गिरणीत गूगलने थाटलेले केंद्र समुद्राच्या थंड पाण्यावर गार होते. स्वीडनमधील लुलिओ इथे फेसबुकने बाहेरची गार हवाच वापरली.

नवी मुंबईला अशी हवा मिळत नाही. तरी भारतातील डेटा सेंटर क्षमतेपैकी सुमारे निम्मी क्षमता ऐरोली, रबाळे, महापे, पनवेल आणि मुंबईतील पवई-चांदिवली या पट्ट्यात एकवटली आहे. समुद्राखालून येणाऱ्या केबल मुंबईच्या किनाऱ्याला लागतात, बँका आणि शेअर बाजार इथे आहेत आणि शहराचा वीजपुरवठा देशात सर्वात भरवशाचा मानला जातो. दमट उष्ण हवेत थंडाव्याचा खर्च वाढतो आणि बाष्पीभवनावर चालणारे कूलिंग टॉवर पाणी पितात. थेट चिपला भिडवलेल्या नळ्यांतून द्रव फिरवून उष्णता उचलणे हा यावरचा एक चांगला उपाय आहे. पुण्यातील आयसर या संस्थेत २०१९ मध्ये बसवलेला परम ब्रह्म हा महासंगणक या पद्धतीने गार होतो. उष्ण प्रदेशासाठी हाच रस्ता योग्य दिसतो.

२०१० ते २०१८ या काळात जगातील डेटा सेंटरचे काम जवळपास साडेसहा पट झाले आणि वीज मात्र अवघी ६ टक्क्यांनी वाढली, असे २०२० मध्ये 'सायन्स' या नियतकालिकातील अभ्यासाने दाखवले. विखुरलेले जुने सर्व्हर बंद होऊन मोठी, कार्यक्षम केंद्रे उभी राहिल्याचा तो परिणाम होता. ती सवलत आता संपत आली आहे. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजानुसार २०२४ मध्ये डेटा सेंटरनी सुमारे ४१,५०० कोटी युनिट वापरले. जगाच्या विजेच्या हे दीड टक्का आणि भारताच्या वार्षिक वापराच्या साधारण एक चतुर्थांश होतात. २०३० पर्यंत हा आकडा ९४,५०० कोटींवर जाईल, असे संस्थेला वाटते. दीड टक्का छोटा दिसतो, पण तो एका जागी गोळा होतो तिथे भारी पडतो. आयर्लंडमध्ये २०२३ साली मीटरवर मोजलेल्या विजेपैकी २१ टक्के वीज डेटा सेंटरनी घेतली, म्हणजे त्या देशातील सगळ्या शहरी घरांहून जास्त.

या वाढीचे एक मोठे कारण कृत्रिम बुद्धिमत्ता आहे. एनव्हिडियाची २०२० ची ए-१०० ही चिप ४०० वॉट घेई, २०२२ ची एच-१०० ७०० वॉट घेते आणि त्यापुढची पिढी हजार वॉटवर पोहोचली. पूर्ण भाराने चालणारी एक एच-१०० वर्षाला ६,००० हून अधिक युनिट खाते. पूर्वी सर्व्हरच्या एका कपाटाला पाच-दहा किलोवॉट पुरत. आता ७२ चिपांचे एक कपाट सुमारे १२० किलोवॉट घेते. जीपीटी-३ या भाषा-प्रारूपाच्या प्रशिक्षणाला १२.८७ लाख युनिट लागल्याचा अंदाज २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. महिना १५० युनिट वापरणाऱ्या सातशे घरांचा हा वर्षाचा वापर झाला. नंतरची प्रारूपे त्याहून कितीतरी मोठी आहेत आणि प्रशिक्षण एकदाच होते, वापर मात्र रोज कोट्यवधी वेळा.

आयुष्य संपलेल्या यंत्रातून काय परत मिळते? जगात २०२२ मध्ये ६.२ कोटी टन ई-कचरा निर्माण झाला आणि त्यातला सुमारे २२ टक्केच रीतसर संकलित होऊन पुनर्वापराला गेल्याची नोंद आहे. तांबे, सोने, ॲल्युमिनियम परत मिळते आणि ते नव्याने खणण्याची ऊर्जा वाचते. पण चिपमध्ये ओतलेली ऊर्जा धातूत नसते, ती अणूंच्या मांडणीत असते. चिप भट्टीत गेली की ती मांडणी कायमची जाते. म्हणून चालते यंत्र दुसऱ्याच्या हाती देणे हे ते भंगारात काढण्यापेक्षा नेहमीच श्रेष्ठ. मुंबईतील लॅमिंग्टन रोडवर आणि गावोगावच्या दुरुस्तीच्या दुकानांत जुना बोर्ड जिवंत करणारे कारागीर ही ऊर्जा प्रत्यक्षात वाचवत असतात.

आतापर्यंत निर्मितीची ऊर्जा भारतात आयातीबरोबर अदृश्यपणे येत होती. आता फॅबच देशात येत आहे. गुजरातमधील धोलेरा इथे टाटा इलेक्ट्रॉनिक्स आणि तैवानच्या पीएसएमसी यांच्या ९१,००० कोटी रुपयांच्या प्रकल्पाला केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये मंजुरी दिली. महिन्याला ५०,००० वेफर ही त्याची नियोजित क्षमता असून २८ नॅनोमीटर आणि त्याहून जाड रेघांच्या चिप तिथे बनतील. अशा कारखान्याला क्षणभराचा वीजखंडही परवडत नाही. फेब्रुवारी २०२१ च्या हिमवादळात टेक्सासमधील ऑस्टिन इथे वीज गेली, तेव्हा सॅमसंगची तिथली फॅब पूर्ववत व्हायला कित्येक आठवडे लागले. गुजरातमध्ये सूर्य आणि वारा यांपासूनची वीज भरपूर आहे, पण फॅब रात्रीही दिवसाइतकीच वीज घेते. त्या रात्रीच्या विजेसाठी साठवण उभारली जाते की कोळशाचे संच धगधगत राहतात, यावर धोलेऱ्यात बनणाऱ्या प्रत्येक वेफरचा कार्बनभार ठरणार आहे.